जे खपतं, ते मागवा

साध्या हॉटेलात बसल्यावर मेन्यूकार्ड लगेच उघडू नका. आधी आजूबाजूच्या चार टेबलांकडे बघा. बहुतेक ताटल्यांमध्ये जे दोन-तीन पदार्थ दिसतील, त्यांतलाच एक मागवा. मुंबईत दादर, माटुंगा, गिरगाव, पार्ले या पट्ट्यात नोकरीच्या निमित्तानं आणि निव्वळ आवडीनंही मी वर्षानुवर्षं बाहेर खात आले आहे. हॉटेलाचं नाव, सजावट, ॲपवरचे तारे यांपेक्षा मला एकच गोष्ट भरवशाची वाटते: त्या जागी, त्या वेळी, त्या पदार्थाचा किती खप आहे. चव, ताजेपणा आणि पोटाची काळजी या तिन्हींचं उत्तर तिथेच मिळतं.

खपणारा पदार्थ थांबून राहत नाही, म्हणून हे असं होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा एक सोपा नियम आहे: ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्यानं वाढतात, त्यामुळे शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ तसंच बाहेर ठेवू नये. मुंबईच्या दमट हवेत हा नियम आणखी कडक समजावा. सकाळी अकराला शिजलेली भाजी आणि भात दुपारी चारला कशा अवस्थेत असतील, याचा अंदाज यावरून बांधता येतो. म्हणून साडेतीन-चारला राइस प्लेट मागवणं मला पटत नाही. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, संध्याकाळचा स्वयंपाक सुरू व्हायचा असतो. या मधल्या वेळेत भूक लागलीच, तर तव्यावरून थेट ताटलीत येणारं काहीतरी घ्या. डोसा घ्या, थालीपीठ घ्या, नाहीतर समोर तळून काढलेली भजी घ्या.

दोनशे पदार्थांच्या मेन्यूबद्दलही हेच. अशा हॉटेलाच्या मुदपाकखान्यात सकाळी तीन-चार मोठ्या ग्रेव्ही करून ठेवतात: एक लाल टोमॅटोची, एक कांद्याची तपकिरी, एक काजू-मगजची पांढरी. मागणी आली की त्यांतली एक-दोन पळ्या कढईत घेऊन वर पनीर, कोफ्ता किंवा मश्रूम टाकायचं. नावं बदलतात, बैठक तीच राहते. यात फसवणूक नाही, एवढ्या पदार्थांची सोय दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं करताच येणार नाही. पण उडप्याच्या हॉटेलात जाऊन पनीरची भाजी मागवणाऱ्यांना मी दर वेळी थांबवते. तिथे दिवसभर खपतो तो डोसा. त्याचं पीठ रोज वाटलं जातं, तवा सतत तापलेला असतो आणि डोसा घालणाऱ्याचा हात त्याच एका कामावर बसलेला असतो.

आता जी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, तिच्याकडे येते. मुंबईतला खप घड्याळाइतकाच कॅलेंडरवर चालतो. इथे सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं असंख्य आहेत. कुणाचा मंगळवारही असतो. त्यामुळे मासळीचे खरे दिवस बुधवार, शुक्रवार आणि रविवार. मालवणी खानावळीत जायचं तर या तीन दिवसांत जा. रविवारी रांग लागेल, तर बुधवारी दुपारी जा. वांद्र्याच्या गांधीनगरमधलं हायवे गोमंतक तर गुरुवारी बंदच असतं, आणि त्यात मला शहाणपण दिसतं. माणसं येणार नाहीत त्या दिवशी मासळी आणून ठेवायचीच कशाला?

याची दुसरी बाजू उपवासाची. साबुदाण्याची खिचडी आणि साबुदाणा वडा खायला संकष्टी, एकादशी, सोमवार किंवा गुरुवार निवडा. त्या दिवशी दादरच्या गोखले रोडवरच्या प्रकाशमध्ये वड्यांचे घाणे एकामागून एक निघत असतात. एरवीही वडा चांगलाच असतो, पण कढईतून निघून दोन मिनिटांत समोर आलेल्या साबुदाण्याच्या वड्याचं कुरकुरीत कवच वेगळंच. पाच मिनिटं थांबला की तो चिवट व्हायला लागतो. सोबत पियूष घ्या. उकडीचे मोदक हवे असतील तर संकष्टी, त्यातही अंगारकी. श्रावणात मात्र मासळीची खानावळ टाळलेली बरी. गिऱ्हाईक निम्म्यावर येतं आणि त्याचा परिणाम मासळीच्या ताजेपणावर होतोच. श्रावणाच्या आदल्या दिवशीही, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, जाऊ नका. त्या दिवशी खप प्रचंड असतो हे खरं, पण मुदपाकखान्याच्या हाताबाहेर गेलेला असतो. घाईघाईत तळलेली तुकडी आतून कच्ची राहते. खपालाही मर्यादा असते, हे त्या एका दिवशी कळतं.

रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर आणि मिनारा मशिदीच्या गल्लीत इफ्तारनंतर जा. मालपुवा, फिरनी, खिचडा यांचा त्या महिन्यात जो उठाव असतो, तो वर्षभरात पुन्हा नाही. नल्ली निहारी मात्र मुळात सकाळचं खाणं. रात्रभर मंद आचेवर शिजलेली निहारी सकाळी उतरते, तेव्हाच ती खावी. भेंडी बाजारातलं नूर मोहम्मदी १९२३ पासून तिच्यासाठी ओळखलं जातं. आमरसासाठी एप्रिल-मे, काळबादेवीच्या श्री ठाकर भोजनालयासारख्या गुजराती थाळीच्या जागी. पाऊस सुरू झाल्यानंतर कुठेही आमरस दिसला तर तो डब्यातल्या गराचा आहे का, हे विचारून घ्या. उंधियूसाठी संक्रांतीच्या आगेमागे भुलेश्वर.

मासळीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बाहेर खाताना सर्वांत जास्त पैसे तिथेच वाया जातात. पापलेट आणि सुरमई यांना भाव आहे, म्हणून त्या बर्फात आणि शीतगृहात टिकवल्या जातात. बांगडा, मांदेली, बोंबील यांचं तसं होत नाही. स्वस्त असल्यामुळे ते भराभर उठतात आणि रोज नवे येतात. नव्या खानावळीची परीक्षा मी बोंबलावर घेते. बोंबलाच्या अंगात पाणी फार आणि मांस अतिशय नाजूक, त्यामुळे तो फार टिकत नाही. चांगल्या जागी तो चिरून, वजनाखाली दाबून, पाणी काढून मग रव्यात घोळवतात. बाहेरून खुसखुशीत, आतून लोण्यासारखा मऊ आणि वास अजिबात नाही, असा बोंबील मिळाला तर त्या जागी रोज मासळी येते आणि हाताळणाऱ्याला ती कळते, हे नक्की. मग पुढच्या खेपेला निर्धास्तपणे सुरमई मागवा.

पावसाळ्यात मागणी बदला. प्रजननाचा काळ म्हणून पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. जुलैमध्ये ताटात आलेलं मोठं पापलेट बहुधा बर्फातलं असतं. त्याऐवजी जवळ्याची चटणी, सोड्याचं कालवण, सुक्या बोंबलाची भाजी मागवा. कोकणात पावसाची बेगमी म्हणून सुकी मासळी घरोघर भरून ठेवतात, ती काही उगाच नाही. पावसात हे तडजोडीचं नव्हे, हक्काचं जेवण आहे. चिंबोऱ्या मिळाल्या तर जरूर घ्या. तिसऱ्या आणि कालवं मात्र या दिवसांत नकोत. ती पाणी गाळून त्यातलं अन्न खातात, त्यामुळे खाडीत वाहून आलेली घाणही त्यांच्यात साठते. आणि वेटरला ‘ताजं काय आहे?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी ‘सगळं’ असंच येणार. ‘आज कुठली मासळी आली?’ असं विचारा. दोन-तीन नावं ताबडतोब आली तर त्यांतलं एक घ्या.

आता गाडीवरचं खाणं. वडापावचा जन्म १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला असं सांगतात. गिरणीच्या पाळीला किंवा लोकलला पळणाऱ्या माणसानं उभ्याउभ्या खाऊन पुढे जावं, हाच त्याचा हेतू. म्हणून तो घाण्याबरोबरच खावा. गाडीवर परातीत वड्यांचा ढीग दिसला आणि कढई शांत असली, तर पुढच्या घाण्यापर्यंत थांबा किंवा पुढे चला. कीर्ती कॉलेजजवळच्या अशोक वडापावच्या गाडीवर बेसनाचा चुरा घालून मिळणारा वडापाव आणि छबिलदास शाळेच्या गल्लीतला श्रीकृष्णचा भलामोठा वडा, हे दोन्ही मी गर्दीच्या वेळी खाण्याचा आग्रह धरते. गर्दीचा त्रास वाटतो खरा, पण त्या गर्दीमुळेच तुमचा वडा कढईतून थेट पावात येतो.

तेलाकडे जरूर बघा. तळणीच्या तेलात वारंवार तापवल्यामुळे तयार होणाऱ्या घातक घटकांचं प्रमाण, ज्याला टोटल पोलर कंपाउंड्स म्हणतात, ते २५ टक्क्यांच्या वर गेलं तर ते तेल वापरू नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून आहे. गाडीपाशी उभं राहून आपण मोजमाप करू शकत नाही, पण डोळे आणि नाक पुरेसे आहेत. वडे काढल्यावरही फेस खाली बसत नसेल, तेल काळपट आणि दाट दिसत असेल, काही टाकण्याआधीच धूर निघून घसा खवखवत असेल, तर तिथे खाऊ नका. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेलं खाऊ नका. छपाईची शाई तेलात उतरते, आणि अन्न बांधायला वर्तमानपत्र वापरायला नियमानंही मनाई आहे. आता अनेक गाडीवाले कोरा कागद किंवा ताटली देतात. देत नसतील तर मागा. चार लोकांनी मागितलं की पाचव्याला न मागता मिळतं, हे मी पाहिलं आहे.

पाव कधीचा, हेही बघा. बोटानं दाबल्यावर तो परत वर आला पाहिजे. मुंबईतल्या लाकडी भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये दिला, तेव्हा ब्रून पावाचं कडक कवच आता गेलं अशी हळहळ बरीच ऐकू आली. मला तो आदेश योग्य वाटतो. या शहराची हवा पावाच्या कवचापेक्षा मोलाची आहे, आणि चांगला बेकरीवाला गॅसच्या किंवा विजेच्या भट्टीवरही हात बसवेल.

पाणीपुरीवाल्याकडे हातमोजे आहेत का, हे पाहण्यापेक्षा तो पैसे कोणत्या हातानं घेतो ते पाहा. दिवसभर एकच मोजा घालून नोटा, फडकं आणि पुऱ्या हाताळणारा माणूस उघड्या पण वारंवार धुतलेल्या हातांपेक्षा जास्त धोक्याचा. पैसे घ्यायला वेगळा माणूस असेल किंवा क्यूआर कोड असेल, तर फार चांगलं. पावसाळ्यात पाणीपुरी ओळखीच्याच ठिकाणी खा, किंवा शेवपुरीवर भागवा. बर्फाच्या बाबतीत तर हयगय नकोच. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालावा, असा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये झाला. पांढरा बर्फ खाण्याचा समजला जातो, पण तो गोणपाटात गुंडाळून फुटपाथवर फोडला जात असेल तर रंगाला काही अर्थ उरत नाही. सँडविच नेहमी टोस्ट करून घ्या, आणि काकडी-बीट तुमच्यासमोर चिरलं जात असेल तरच साधं घ्या. चायनीजच्या गाडीवर मोठ्या टोपात सकाळपासून गार पडलेला भात दिसला तर नूडल्सवर जा. शिजवलेल्या भातातही एका जंतूचे बीजाणू जिवंत राहतात, भात तासन्‌तास बाहेर राहिला की त्यांतून विष तयार होतं आणि पुन्हा परतल्यानं ते विष नाहीसं होत नाही. पोट बिघडल्यावर लोक सॉसला दोष देतात, बऱ्याचदा दोषी भात असतो.

हॉटेलात बसून शांतपणे खायचं असेल तर माटुंग्यासारखी जागा नाही. रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरीला आलेली दक्षिणेतली कुटुंबं इथे वसली आणि त्यांच्यासोबत ही हॉटेलं उभी राहिली. राम आश्रय १९३९ चं, कॅफे मद्रास १९४० चं, रामा नायकांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. इथे सकाळी जा, शक्य तितक्या लवकर. इडलीचं पीठ रात्रभर आंबून सकाळी ऐन रंगात असतं, संध्याकाळपर्यंत त्याचा आंबटपणा वाढतो. खोबऱ्याची चटणी तर सर्वांत आधी बिघडते. म्हणून कुठल्याही दाक्षिणात्य हॉटेलात डोशाआधी चटणीचं टोक जिभेला लावून बघा. आंबूस वाटली तर बाजूला सारा आणि सांगा. राम आश्रयमध्ये अननसाचा शिरा, कॅफे मद्रासमध्ये पोडी इडली आणि रसम वडा, ही माझी निवड. रामा नायकांकडे दुपारी केळीच्या पानावर जेवा, पण भूक राखून जा, कारण पानावर टाकलेलं अन्न तिथे शोभत नाही.

मिसळीबाबत माझं मत अनेकांना पटत नाही, तरी सांगते. तिखटावरून मिसळीची प्रत ठरवू नका. तर्रीनं घाम फुटला की मटकी कशी शिजली, कांदा कधी चिरला, फरसाण मऊ पडलं होतं का, यांतलं काहीच कळत नाही. दादरच्या गडकरी चौकातल्या आस्वादच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून मान मिळाला, आणि ती मिसळ तिखटाच्या शर्यतीत उतरत नाही. ठाण्याची मामलेदार मिसळ याच्या उलट टोकाची. तिथे पहिल्यांदा जाल तर मध्यम तिखटच मागा. आणि कुठेही गेलात तरी रस्सा वेगळ्या वाटीत घ्या, म्हणजे फरसाण तुमच्या वेगानं भिजेल.

इराणी हॉटेलांबद्दल थोडक्यात. धोबी तलावचं कयानी १९०४ पासून चालू आहे, बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियात बेरी पुलाव दुपारच्या जेवणाला मिळतो. दोन्ही ठिकाणी उशिरा जाण्यात अर्थ नाही. चहासोबत ब्रून मस्का घ्या आणि लांबलचक मेन्यूतल्या चायनीजच्या पानाकडे वळू नका.

गर्दीच्या हॉटेलात टेबल वाटून घ्यावं लागतं. समोरच्या अनोळखी माणसाला नमस्कार करून बसा आणि खाऊन झाल्यावर उठा. उभ्या असलेल्या माणसाच्या भुकेचा विचार करणं हा बाहेर खाण्याचाच भाग आहे. वेटरशी आदरानं बोला. काका, अण्णा, दादा, जे तोंडी येईल ते, पण चुटकी वाजवून नाही. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या आणि नीट बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला तो एक दिवस स्वतःहून सांगतो, ‘आज उसळ नको, कटलेट घ्या, आत्ताच निघालंय.’ हे कुठल्याही ॲपवर मिळत नाही. पदार्थ बिघडलेला वाटला तर पहिल्या घासालाच, आवाज न चढवता सांगा. अर्धा संपवून तक्रार केली की तुमची बाजू लंगडी पडते.

बिलाकडे एकदा नजर टाका. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के असतो, आणि अन्न सुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक बिलावर छापलेला असायला हवा. सर्व्हिस चार्ज परस्पर लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. तो काढायला सांगा, नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करा. वाचलेल्या पैशातून वेटरच्या हातात टिप ठेवा.

पार्सल मागवताना तळलेलं आणि डोसा शक्यतो टाळा. बंद डब्यात वाफ कोंडते आणि वीस मिनिटांत कुरकुरीतपणा जातो. उसळ, कालवण, पुलाव, इडली हे प्रवास सोसतात, पण घरी आल्यावर ते उकळी येईपर्यंत गरम करा. ॲपवर हॉटेलाचे तारे न बघता तुम्हाला हव्या त्या पदार्थाबद्दल अलीकडे कुणी काय लिहिलं आहे, तेवढंच वाचा. बिर्याणीसाठी मिळालेले तारे थालीपीठाला लागू होत नाहीत.

शहरात नवे असाल आणि कुठून सुरुवात करावी असं वाटत असेल, तर एक बुधवार मोकळा ठेवा. सकाळी माटुंग्यात इडली आणि फिल्टर कॉफी, दुपारी एकच्या आत दादरच्या एखाद्या मालवणी खानावळीत बांगड्याची थाळी, सोलकढी शेवटी, आणि संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर कीर्ती कॉलेजपाशी घाण्यावरचा वडापाव. सोमवारी मात्र निघू नका. त्या दिवशी कॅफे मद्रास आणि रामा नायक, दोन्ही बंद असतात.